ट्रॅक्टरला नवा सायलेन्सर बसवताय? आधी हे वाचा



सुगी सरली, उसाची शेवटची खेप कारखान्यावर गेली, की ट्रॅक्टर दुरुस्तीला काढायचे दिवस येतात. वर्षभर राबलेल्या या लोखंडी बैलाकडे नीट पाहायला याच दिवसांत थोडी सवड मिळते. तालुक्याच्या गावी गाडी नेली, की मिस्त्री हमखास एक वाक्य बोलतो, "सायलेन्सर गेलाय, नवा टाका." शेजारच्या दुकानात पाहावे तर चार-पाच तऱ्हेचे सायलेन्सर टांगलेले असतात. एक मूळ कंपनीचा, एक तसाच दिसणारा पण निम्म्या किमतीचा, एक चकचकीत स्टीलचा, आणि एक नुसती जाड नळी. ही नळी दाखवताना दुकानदार म्हणतो, "ही लावा, ट्रॅक्टरची ताकद वाढेल आणि आवाज असा येईल की वेशीपासून कळेल!"

यांपैकी घ्यावा कोणता? हौसेला मोल नसते हे खरे, पण या हौसेचे मोल पुढे डिझेलच्या, इंजिनाच्या आणि कानांच्या रूपाने घरालाच मोजावे लागते. सायलेन्सर हा ट्रॅक्टरच्या गळ्यातला घुंगुरमाळेसारखा दागिना नाही. तो इंजिनाचा एक अवयव आहे. म्हणून त्याची निवड आवाजावरून न करता आपल्या शेतातल्या कामावरून करावी. ती कशी करावयाची, हे आज क्रमाने पाहू.

सायलेन्सर करतो तरी काय?

इंजिनात डिझेल जळाले की तापलेले वायू मोठ्या दाबाने बाहेर पडू पाहतात. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की ते एकदम सुटतात आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर मिनिटाला असे ३००० बार होतात. म्हणजे सेकंदाला ५०! ते एकात एक मिसळतात म्हणून आपल्याला सलग घरघर ऐकू येते.

सायलेन्सरच्या डब्यात पडदे, भोके पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, वळतो, मंदावतो. आवाजाच्या लाटा पडद्यांवर आपटून एकमेकींना मारतात. विहिरीच्या पंपाचे उसळते पाणी आधी हौदात घेतले, की पुढे पाटाने कसे संथ जाते, तसाच हा प्रकार आहे. ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रीव्हज बंधूंनी इंजिनाच्या अशा सायलेन्सरचे पेटंट १८९७ सालीच मिळवले होते.

आवाज कमी करणे एवढेच त्याचे काम नाही. तापलेले वायू चालकाच्या तोंडापासून दूर नेणे, ठिणग्या अडवणे आणि पावसाचे पाणी इंजिनात जाऊ न देणे ही कामेही त्याच्याकडे आहेत. मात्र हे सारे करताना वायूची वाट फार अडता कामा नये. वाट अडली की वायू उलटा दाब देतो, सिलिंडर पुरता रिकामा होत नाही, नवी हवा पुरेशी आत येत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. कंपनीने मूळ सायलेन्सर बनवताना आवाज आणि हा उलटा दाब या दोहोंचा मेळ त्या इंजिनापुरता घातलेला असतो. तो मेळ बिघडू न देता बदल करणे, यातच निवडीचे सारे मर्म आहे.

आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली काय?

हा समज गावोगाव फार पक्का आहे. नळी लावलेला तरुण सांगतो, "साहेब, आता ट्रॅक्टर नुसता पळतोय!" त्याला विचारावे, "बाबा रे, डिझेल मोजलेस का? एकराला वेळ किती लागतो, ते घड्याळात पाहिलेस का?" यावर बहुधा उत्तर मिळत नाही.

डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल आत गेले आणि ते जाळायला किती हवा मिळाली यावर. किती डिझेल सोडायचे, हे पंप आणि गव्हर्नर ठरवतात. मागची नळी मोकळी केली म्हणून पंप जास्त डिझेल सोडत नाही. मूळ सायलेन्सर स्वच्छ आणि धड असेल, तर तो काढून ताकदीत पडणारा फरक किरकोळ असतो. आवाज मात्र कित्येक पटींनी वाढतो. कानाला जोर वाटतो, तो नांगराच्या फाळाला मिळतोच असे नाही.

कधी कधी नळी लावल्यावर खरोखर फरक पडतो. पण त्याचे कारण निराळे असते. जुना सायलेन्सर काजळीने तुंबलेला असतो आणि तुंबलेली वाट मोकळी झाल्याचा तो परिणाम असतो. तोच फरक नव्या धड सायलेन्सरनेही पडला असता.

काही मिस्त्री नळीबरोबर पंपही 'वाढवून' देतात. मग जास्तीचे डिझेल पुरेशा हवेवाचून जळते, काळा धूर ओकते, इंजिन तापते आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह यांचे आयुष्य घटते. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. आपण विकत घेतलेले डिझेल न जळता आभाळात चालले आहे, असा त्याचा अर्थ.

खरे-खोटे करून पाहायचे असेल तर एक सोपे प्रात्यक्षिक आहे. एकाच शेताचे सारख्या मातीचे, सारख्या ओलीचे दोन तुकडे मोजून घ्यावेत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी. जुन्या सायलेन्सरवर एक तुकडा नांगरावा, घड्याळ लावावे आणि पुन्हा त्याच जागी येऊन मापाने टाकी काठोकाठ भरावी. मग दुसरा सायलेन्सर चढवून त्याच गिअरमध्ये, त्याच चालकाकडून, तेवढ्याच खोलीवर दुसरा तुकडा नांगरावा आणि डिझेल मोजावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपल्या मापावर विश्वास ठेवावा.

खरेच बदलायला हवा का?

धूर दिसला की सायलेन्सरला दोष देऊ नये. नाचता येईना अंगण वाकडे, असे होता कामा नये. आधी एअर क्लीनर पाहावा. तेलाचा क्लीनर असेल तर वाटीतील तेल काढून, गाळ धुऊन, खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कोरडा असेल तर फिल्टर साफ करावा वा बदलावा. धुळीच्या दिवसांत निम्म्या ट्रॅक्टरांचा काळा धूर येथेच थांबेल. त्यानंतर नोझल आणि टॅपेटचे अंतर मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर नोझलमध्ये बिघाड आहे किंवा पाणी आत शिरते आहे. या दोन्ही दुखण्यांवर नवा सायलेन्सर हा उपाय नव्हे.

सायलेन्सर खरोखर गेला आहे, हे पुढील खुणांवरून कळते:

१. भार दिला की इंजिन दबते, काळा धूर येतो, आणि फिल्टर-नोझल ठीक करूनही फरक पडत नाही.

२. थंड सायलेन्सरवर लाकडी हातोडीने हलके ठोकले असता आत पत्रा खुळखुळतो. पडदे सुटले, असे समजावे.

३. सांध्यापाशी किंवा पॅकिंगपाशी काजळीचे काळे पट्टे दिसतात आणि इंजिन सुरू करताच 'फुस्-फुस्' आवाज येतो.

४. पत्र्याला गंजून भोके पडली आहेत, किंवा बूड खरवडले तर पत्रा हातात येतो.

तिसरी खूण असेल तर सायलेन्सर न बदलता पॅकिंग आणि बोल्ट बदलून भागते. नुसती काजळी असेल तर मिस्त्रीकडून सायलेन्सर उतरवून साफ करून घेता येतो. दुसरी आणि चौथी खूण असेल तर मात्र नवा घ्यावा. वेल्डिंगचे ठिगळ एखादा हंगाम टिकते, आतले पडदे मात्र त्याने जुळत नाहीत.

सायलेन्सर गंजतो का, याचेही उत्तर जाणून घेण्यासारखे आहे. एक लिटर डिझेल जळाले की वाफेच्या रूपाने जवळपास एक लिटर पाणी तयार होते. ट्रॅक्टर तासन् तास भारावर चालला तर ती वाफ बाहेर निघून जाते. पण दहा मिनिटे चालवून बंद केला, की तीच वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि आतून गंज धरते. दूध घालायला डेअरीपर्यंत जाणे, दळण आणणे अशा फुटकळ फेऱ्यांना ट्रॅक्टर वापरणाऱ्याचा सायलेन्सर लवकर सडतो, तो यामुळे.

जसे काम तसा सायलेन्सर

आता मुख्य मुद्दा. सायलेन्सर उभा असावा की खालून नेलेला, लांब की आखूड, हे ठरवताना शेजाऱ्याकडे पाहू नये, आपल्या कामाकडे पाहावे.

ऊस वाहतूक: येथे इंजिन भाराखाली सलग चालते आणि मागे वाळल्या पाचटाने भरलेल्या ट्रॉल्या असतात. उभा सायलेन्सर घ्यावा. त्याचे तोंड चालकाच्या डोक्यापेक्षा उंच आणि चालकापासून दूर वळलेले असावे. आतले पडदे शाबूत असलेला सायलेन्सर ठिणग्या बऱ्याच अंशी अडवतो. नुसत्या नळीतून त्या सरळ ट्रॉलीकडे उडतात. उंची ठरवताना शेडचे दार, वाटेवरच्या झाडांच्या फांद्या आणि लोंबत्या तारा यांचा विचार करावा. हौसेने फूटभर वाढवलेली नळी विजेच्या तारेला लागली, तर त्या चुकीला दुसरी संधी नसते.

द्राक्षबाग आणि फळबाग: मांडवाखाली उभा सायलेन्सर चालत नाही. तापलेल्या वायूने पाने करपतात, घड भाजतात आणि तारांतही तो अडकतो. नाशिक-सांगलीकडे बागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांना खालून नेलेला सायलेन्सर असतो, तो याचसाठी. मात्र असा सायलेन्सर बुडख्याजवळच्या वाळल्या गवताला टेकतो, आणि घरी उभा ट्रॅक्टर लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर तापलेला राहतो. म्हणून त्याला जाळीचे संरक्षक कवच असलेच पाहिजे.

भाताची चिखलणी: कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे चिखलणी करणाऱ्यांनी खालचा सायलेन्सर टाळावा. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी आणि चिखल उडाला की सांधे तडकतात आणि गंज लवकर चढतो. येथे उभाच बरा.

मळणी यंत्र: ट्रॅक्टर एका जागी उभा, भोवती भुसा आणि कडब्याची गंज. आगीचा धोका सर्वांत मोठा तो येथे. बराच वेळ रिकामे चाललेले इंजिन एकदम भाराखाली आले, की आत जमलेली काजळी पेटून लाल कणांच्या रूपाने बाहेर पडते. यासाठी ठिणगी अडवणारे उपकरण मिळते. बाजारात त्याला स्पार्क अरेस्टर म्हणतात. एका प्रकारात बारीक जाळी असते. दुसऱ्यात वायू गरगर फिरवून जड कण बाजूच्या कप्प्यात पाडले जातात. पेट्रोल-डिझेलच्या डेपोत जाणाऱ्या टँकरांना असे उपकरण लावावे लागते, आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जंगल, झुडपे वा गवताच्या जमिनीवर इंजिन चालवायचे असेल तर ते कायद्यानेच सक्तीचे आहे. मळणीचा धंदा करणाऱ्याने नव्या सायलेन्सरवर खर्च करायचाच असेल, तर चकाकीवर न करता यावर करावा. जाळी मात्र वरचेवर साफ करावी. ती तुंबली की उलटा दाब वाढलाच. शिवाय वाऱ्याची दिशा पाहून ट्रॅक्टर असा उभा करावा, की ठिणगी उडालीच तरी गंजीकडे जाणार नाही. पाण्याचे पिंप आणि ओली गोणपाटे हाताशी असू द्यावीत. वर्षाची वैरण जळायला दहा मिनिटे पुरतात.

नुसती नांगरणी-पाळी: ज्याचे काम मुख्यतः मोकळ्या रानात आहे, त्याला मूळ कंपनीच्या बनावटीचा साधा सायलेन्सर पुरेसा आहे. त्याने उगाच खिसा हलका करू नये.

दुकानात गेल्यावर काय पाहाल?

जुना सायलेन्सर बरोबर घेऊन जा. ट्रॅक्टरचे मॉडेल आणि इंजिनचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. मग या गोष्टी हाताने तपासा.

पहिली गोष्ट तोंडाचा व्यास. पट्टीने आतला व्यास मोजा. तो जुन्यापेक्षा कमी असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. वाट अरुंद झाली की उलटा दाब वाढणारच.

दुसरी गोष्ट फ्लँज. बोल्टची भोके जुन्याशी तंतोतंत जुळली पाहिजेत. 'घासून बसवतो' असे म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. वाकडा बसलेला सायलेन्सर रोज हादरे खातो आणि शेवटी मॅनिफोल्डला तडा देतो. सायलेन्सर स्वस्त आणि मॅनिफोल्ड महाग, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट पत्रा. १६ गेजचा पत्रा साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा असतो, १८ गेजचा साधारण १.२ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की जाडी घटते, येथे पुष्कळांची फसगत होते. हातात तोलून पाहा, जुन्याशी वजन ताडून पाहा. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा साध्या रंगवलेल्या पत्र्यापेक्षा गंजाला जास्त दिवस दाद देत नाही. वरून चांदीसारखा रंग मारलेला असला म्हणजे मुलामा झाला, असे मात्र नाही. खिळ्याने कोपऱ्यात ओरखडा काढून पाहिले की कळते.

चौथी गोष्ट आतली रचना. एका तोंडातून पाहिले असता दुसऱ्या तोंडाचा उजेड सरळ दिसला तर तो आरपार प्रकारचा आहे. त्यात नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते. डिझेलच्या काजळीने आणि तेलकट धुराने ती चिकटते वा उडून जाते, आणि मग उरते ती नुसती नळी. ट्रॅक्टरला पडद्यांचा, कप्प्यांचाच सायलेन्सर बरा. हलवून पाहावा. नव्यातच खुळखुळत असेल तर परत ठेवावा.

पाचवी गोष्ट आधार. उंच, जड सायलेन्सरला बाजूने पट्टीचा आधार हवा. सारे वजन फ्लँजवर लोंबता कामा नये. आणि वरच्या तोंडाला पावसाची टोपी असावी. खेड्यापाड्यांत सायलेन्सरवर डबा किंवा टमरेल पालथे घालतात, तेही चालते. पण इंजिन सुरू करताना ते उडून कोणाच्या डोक्यात बसणार नाही, हे पाहावे. टोपीविना राहिलेल्या ट्रॅक्टरच्या नळीतून पाणी उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरते. तसेच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

पावती पक्की घ्यावी. बिलावाचून घेतलेल्या मालाला तक्रारीची वाट नसते.

टर्बोचे आणि नवे ट्रॅक्टर

टर्बो असलेल्या ट्रॅक्टरात बाहेर पडणारे वायूच टर्बोची चक्की फिरवतात. त्यामुळे मागचा अडथळा टर्बोला लवकर जाणवतो. अशा ट्रॅक्टरला अरुंद तोंडाचा किंवा टर्बोवर वजन टाकणारा सायलेन्सर कधीही लावू नये.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. जानेवारी २०२३ पासून सुमारे ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत संगणकाने चालणारी डिझेल फवारणी असते, आणि सायलेन्सरसारख्या दिसणाऱ्या डब्यात धूर शुद्ध करणारी यंत्रणा व काजळी गाळणारा फिल्टर असतो. त्याला तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर जोडलेले असतात. हा डबा काढून साधा सायलेन्सर किंवा नळी लावली, तर संगणक बिघाड दाखवतो, इंजिनाची ताकद आपण होऊन कमी करतो आणि हमीही धोक्यात येते. अशा ट्रॅक्टरला अधिकृत केंद्राबाहेर हात लावू देऊ नये. हमी शिल्लक असलेल्या कोणत्याही ट्रॅक्टरचे हमीपत्र आधी वाचून घ्यावे.

कानांचे मोल

शेतकरी बंधूंनो, इंजिनाचे भाग बाजारात मिळतात. कानांचे मिळत नाहीत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप चमत्कारिक आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दहापट. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. ८८ झाला तर चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर भाराखाली चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास, कित्येकदा त्याहून वरच आवाज असतो. म्हणजे धड सायलेन्सर असतानाही चालक मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे बसलेला असतो. त्यावर नळी लावून आणखी दहा डेसिबलची भर घालणे म्हणजे आपल्याच कानावर नांगर चालवणे होय.

हे नुकसान दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून ध्यानात येत नाही. कानाच्या आतील बारीक केसांच्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात. पाखरांचा चिवचिवाट, लेकराबाळांचे बोलणे, 'स', 'श', 'फ' यांसारखी अक्षरे. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." मागच्या नांगराकडे वळून वळून पाहताना एक कान सतत सायलेन्सरसमोर येतो, तो बहुधा आधी अधू होतो.

भगिनींनो, ही गोष्ट घरात आधी तुमच्या ध्यानात येईल. रानातून आलेला मुलगा वा धनी दोन-दोन हाका मारल्याशिवाय वळत नाही, टीव्हीचा आवाज रोज वाढवतो, रात्री कानात 'सूं' आवाज येतो म्हणतो, तर ते दुर्लक्ष किंवा रागीटपणा समजू नका. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. अठरा-वीस वर्षांचा पोरगा आज ज्या आवाजाची ऐट मिरवतो, त्याच आवाजापायी पन्नाशीत त्याला नातवाचे बोबडे बोल कळणार नाहीत. हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

चांगल्या सायलेन्सरबरोबर कानात घालायची बोंडे घ्यावीत. ती स्वस्त मिळतात आणि नीट बसवली तर आवाज पुष्कळ कमी करतात. कापसाचा बोळा पुरत नाही.

कानांप्रमाणेच फुप्फुसांचाही विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. म्हणून आखूड नळीचा धूर चालकाच्या तोंडावर येऊ देऊ नये, आणि बंद शेडमध्ये ट्रॅक्टर चालू ठेवू नये.

तापलेल्या सायलेन्सरने मूल भाजले तर वाहत्या गार पाण्याखाली भाग वीस मिनिटे धरावा आणि दवाखाना गाठावा. शाई, टूथपेस्ट, तेल लावू नये.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. आवाजाचे व धुराचे नियम मोडून वाहन रस्त्यावर चालवले, तर कलम १९० खाली २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिने रद्द अशी तरतूद केली. शहरांत पोलिसांनी बुलेटचे कर्कश सायलेन्सर काढून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिलीच आहेत. ट्रॅक्टरला निराळा कायदा नाही.

दंडाची गोष्ट सोडली तरी शेजारधर्म आहेच. रात्री अकराला उसाची गाडी गावातून निघते, तेव्हा कोणाच्या घरी बाळंतीण असते, कोणाची परीक्षा असते, कोणी आजारी असते. गोठ्यातले बैल बुजतात, दुभती जनावरे दचकतात. आपला ट्रॅक्टर आला हे गावाला कळण्यापेक्षा आपले पीक चांगले आले हे कळलेले बरे.

बसवल्यानंतरची निगा

नवे पॅकिंग घालूनच सायलेन्सर बसवावा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर इंजिन गार झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत. ट्रॅक्टर उगाच रिकामा घुरघुरत ठेवू नये. अर्धवट जळलेले डिझेल आणि तेल सायलेन्सरमध्ये साचते ते यामुळेच. महिन्यातून एकदा सांध्यांवर काजळीचा माग दिसतो का, ते पाहावे. पावसाळ्यापूर्वी टोपी आणि आधाराची पट्टी तपासावी. मळणीच्या आणि उसाच्या दिवसांत सायलेन्सरवर आणि मॅनिफोल्डभोवती अडकलेला भुसा, पाचट रोज सकाळी इंजिन गार असताना झाडून काढावे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

धूर दिसला तर आधी एअर क्लीनर. सायलेन्सर घेताना जुना बरोबर. तोंड जुन्यापेक्षा लहान नको, आतले पडदे हवेतच. बागेला खालचा, चिखलाला आणि उसाला उभा, मळणीला ठिणगी अडवणारा. नव्या मोठ्या ट्रॅक्टरच्या डब्याला हात लावू नये. आणि चालकाच्या कानात बोंडे असल्याशिवाय नांगरटीला गाडी काढू नये.

चांगल्या बैलाची परीक्षा त्याच्या हंबरण्यावरून कोणी करत नाही. तो औत कसे ओढतो, हे पाहतात. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. या उन्हाळ्यात गाडी दुरुस्तीला काढाल, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून एकदा आपल्या कामाची यादी करा, आणि त्या यादीला शोभेल तोच सायलेन्सर घेऊन या.